दुकानदारांच्या राष्ट्रातील ओस पेठा

इंग्लंडला 'दुकानदारांचे राष्ट्र' म्हणून हिणविले ते नेपोलियनने, अशी आख्यायिका सर्वत्र प्रचलित आहे. वस्तुतः त्या शब्दांना त्याच्याही आधी, १७७६ साली, अ‍ॅडम स्मिथच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात स्थान मिळाले होते. हिणविणारा कोणीही असो, इंग्रजांनी ते बिरुद पुढे अभिमानाने मिरविले, हे खरे. दुकान चालविणे हा तेथे केवळ पोटापाण्याचा उद्योग नव्हता. सचोटी, काटकसर, वक्तशीरपणा, गावकीत भाग घेण्याची वृत्ती हे सारे गुण ज्या एका मध्यमवर्गात एकवटले होते, त्या वर्गाचा तो कणा होता.

त्या देशाच्या दोन पंतप्रधानांची उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. मार्गारेट थॅचर यांचे बालपण ग्रँथम या गावी वडिलांच्या किराणा दुकानावरच्या खोल्यांत गेले. वडील आल्फ्रेड रॉबर्ट्स दुकान सांभाळून नगरपालिकेत काम करीत आणि पुढे ते गावाचे महापौरही झाले. दुसरे पंतप्रधान ऋषी सुनक. पूर्व आफ्रिकेतून ब्रिटनमध्ये आलेल्या भारतीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आईचे साउदॅम्प्टनमध्ये औषधांचे दुकान होते आणि त्या दुकानाच्या हिशेबाच्या वह्या तरुण ऋषीने लिहिल्या होत्या. एक अस्सल इंग्रज, दुसरा भारतीय वंशाचा. दोघांच्याही जडणघडणीत पेठेतले दुकान उभे आहे. मात्र ज्या पेठेने असे दोन पंतप्रधान घडविले, ती पेठ आज स्वतःच आचके देत आहे.

पेठ म्हणजे केवळ बाजार नव्हे

ब्रिटनमधील प्रत्येक लहानमोठ्या गावात 'हाय स्ट्रीट' नावाचा एक रस्ता असतो. प्रत्यक्ष पाटीवर नाव वेगळे असले, तरी बोलण्यात त्याला हेच नाव. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याला किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातील मुख्य पेठेला जे स्थान, तेच त्याला. खाटीक, बेकरीवाला, मासळीवाला, भाजीवाला, लोखंडी सामानाचे दुकान, शिंपी, औषधवाला, बँक, टपाल कचेरी, ग्रंथालय आणि कोपऱ्यावर एक मद्यगृह, अशी त्याची शतकानुशतकांची रचना होती. आठवड्यातून एक दिवस चौकात बाजार भरे. सकाळी पाव घ्यायला आलेली गृहिणी शेजारणीला भेटे, म्हाताऱ्यांची पेन्शन टपाल कचेरीत निघे, नगरपालिकेच्या निवडणुकीची चर्चा न्हाव्याच्या खुर्चीत होई.

आज जगभर ज्ञात असलेली अनेक ब्रिटिश नावे याच पेठांतून निघाली. रशियन साम्राज्यातून आलेल्या मायकेल मार्क्स या ज्यू निर्वासिताने १८८४ साली लीड्सच्या मंडईत 'कोणतीही वस्तू एक पेनी' असा ठेला मांडला. त्याचीच पुढे 'मार्क्स अँड स्पेन्सर' झाली. रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस सामान्य माणसांनी पैसा पैसा जमवून पीठ, लोणी, साखर विकणारे सामाईक दुकान काढले आणि त्यातून सहकार चळवळीला तिचे नियम मिळाले. ज्या सहकाराने पुढे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे रूप पालटले, त्याचे एक मूळ लँकेशायरमधल्या गल्लीतील या किराणा दुकानात आहे. निर्वासिताला उभे राहण्यास जागा देणारी आणि गरिबाला मालक होऊ देणारी अशी ही पेठ होती.

एकामागून एक

या पेठेतून गेल्या दीड दशकाहून अधिक काळात कोण गेले, याची यादी ब्रिटिश माणसाला घरातल्या माणसांच्या निधनवार्तेसारखी वाटते. १९०९ साली लिव्हरपूलमध्ये सुरू झालेले वूलवर्थ्स नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेले आणि ६ जानेवारी २००९ रोजी त्याचे शेवटचे दुकान बंद झाले. आठशेहून अधिक दुकाने गेली, सुमारे २७ हजार माणसे घरी बसली. २०१६ साली बीएचएस गेले, सोबत ११ हजार नोकऱ्या गेल्या. ज्याचा उगम १७७८ पर्यंत मागे जातो ते डेबेनहॅम्स मे २०२१ मध्ये बंद झाले आणि केवळ त्याचे नाव एका ऑनलाइन कंपनीने साडेपाच कोटी पौंडांना विकत घेतले. २०२३ साली विल्को या घरगुती वस्तूंच्या दुकानसाखळीची चारशे दुकाने आणि सुमारे १२ हजार कर्मचारी यांच्यावर तीच वेळ आली. १७९२ पासूनच्या डब्ल्यू. एच. स्मिथने २०२५ साली आपली पेठांतील दुकाने विकून टाकली आणि त्यांवरच्या पाट्याही बदलल्या. आता ते नाव विमानतळ, रेल्वे स्थानके आणि रुग्णालये येथेच उरले आहे.

ही झाली मोठी नावे. त्यांच्या सावलीत जगणारे हजारो लहान दुकानदार कोणतीही बातमी न होता गेले. मोठे दुकान गिऱ्हाईक पेठेत आणते आणि ते गिऱ्हाईक जाताजाता लहान दुकानातही डोकावते. मोठे बंद झाले की लहानाची पावलेही आटतात. मग बँक शाखा उठविते. २०१५ नंतर ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक बँक शाखा बंद झाल्या. गावातली अखेरची शाखा गेल्यावर रोखीने व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला दिवसाचा गल्ला भरण्यासाठी दुकान बंद करून दुसऱ्या गावी जावे लागते. एकेका कळीने हार सुटत जावा, तसा हा प्रकार आहे.

दोष इंटरनेटचाच काय?

हे सारे इंटरनेटने केले, असे एक सोपे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. त्यात तथ्य आहेच. २००८ च्या सुमारास ब्रिटनमधील किरकोळ विक्रीपैकी सुमारे पाच टक्के विक्री ऑनलाइन होत असे. कोरोना महामारीच्या ऐन भरात, २०२१ च्या प्रारंभी, ते प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत चढले आणि नंतर पाव हिश्श्याच्या थोडे वर स्थिरावले. इतके गिऱ्हाईक हातचे गेल्यावर दुकाने बंद पडणार, हे उघड आहे. तथापि, या उत्तरात एक सोय दडलेली आहे. दोष यंत्राचा ठरला की माणसांनी घेतलेल्या निर्णयांची झाडाझडती घ्यावी लागत नाही. प्रत्यक्षात पेठेची पडझड इंटरनेटच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर कुणा मंत्र्याची, कुणा नियोजकाची, कुणा गुंतवणूकदाराची सही आहे.

पहिली सही १९६४ सालची. तोवर उत्पादकाने ठरविलेल्या किमतीलाच माल विकण्याचे बंधन दुकानदारांवर घालता येत असे. लहान आणि मोठा, दोघांकडे साबणाची वडी एकाच भावाला. व्यापारमंत्री एडवर्ड हीथ यांनी स्वपक्षाचा विरोध पत्करून ही प्रथा कायद्याने मोडली. ग्राहकाचा त्यात लाभ होता, यात शंका नाही. पण घाऊक खरेदीच्या बळावर भाव पाडण्याचा मार्ग मोठ्यांना त्याच दिवशी मोकळा झाला.

दुसरी सही आणखी बोलकी आहे. मिडलँड्समधील डडली हे जुने बाजारपेठेचे गाव. तेथून अगदी जवळचा राउंड ओक हा पोलाद कारखाना १९८२ साली बंद पडला. बेकारीवर उपाय म्हणून थॅचर सरकारने त्या परिसरात 'उद्योग क्षेत्र' जाहीर केले आणि तेथे येणाऱ्यांना दहा वर्षे मालमत्ता कर माफ केला. अपेक्षा होती कारखान्यांची, आले 'मेरी हिल' नावाचे अवाढव्य खरेदी संकुल. प्रशस्त वाहनतळ, छताखालची दुकाने आणि वर करमाफी! मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या मोठ्या दुकानांनी डडलीची पेठ सोडून मेरी हिल गाठले. मागे राहिलेला दुकानदार पूर्ण कर भरीत होता आणि त्याच्या उशालाच शासनाने करमुक्त प्रतिस्पर्धी आणून बसविला होता. याला खुली स्पर्धा कोण म्हणेल? किराणा दुकानदाराच्या मुलीच्या राज्यात हे घडावे, हा इतिहासाचा क्रूर विनोदच होय.

डडलीसारखी कहाणी अन्यत्रही घडली. गेट्सहेडचे मेट्रो सेंटर १९८६, शेफील्डचे मेडोहॉल १९९०, मँचेस्टरचे ट्रॅफर्ड सेंटर १९९८, केंटमधील ब्लूवॉटर १९९९. मोटारीत बसून जावे, दिवसभर हिंडावे, आठवड्याची खरेदी डिकीत भरून परतावे, असा नवा परिपाठ पडला. 'प्रथम गावातली जागा, मग गावाबाहेरची' हे नियोजनाचे तत्त्व सरकारने १९९६ साली खऱ्या अर्थाने लागू केले. तोवर बहुतेक मोठी संकुले उभी राहिली होती वा मंजूर झाली होती.

गावाबाहेरची वाट अरुंद होताच मोठ्या साखळ्या गावात परतल्या, पण शेजारी म्हणून नव्हे. टेस्कोने २००२ साली आठशेहून अधिक लहान दुकानांची एक साखळीच विकत घेतली. मोठे सुपरमार्केट आणि कोपऱ्यावरचे दुकान या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत, असा युक्तिवाद मान्य होऊन या खरेदीला अनुमती मिळाली. २०१८ साली त्याच टेस्कोने बुकर ही घाऊक व्यापारी कंपनी ताब्यात घेतली. हजारो स्वतंत्र दुकानदार आपला माल बुकरकडूनच भरतात. म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार ज्याच्याशी स्पर्धा करतो, त्याच्याच गोदामातून माल उचलतो. समोरच्या पहिलवानाच्या घरी खुराक खाऊन त्याच्याशीच कुस्ती खेळण्याचा हा प्रकार.

स्वतःची भिंत विकणारे

मोठ्या दुकानांचे पतनही केवळ गिऱ्हाईक आटल्याने झाले, असे नाही. वूलवर्थ्स २००१ साली मूळ समूहापासून वेगळे काढण्यात आले, तेव्हा त्याच्या १८२ दुकानांच्या इमारती ६१ कोटी ४० लाख पौंडांना विकण्यात आल्या आणि त्याच इमारतींत वूलवर्थ्स भाडेकरू म्हणून राहिले. डेबेनहॅम्सच्या खासगी गुंतवणूकदार मालकांनी २००५ साली २३ दुकानांच्या जागा ४९ कोटी ५० लाख पौंडांना विकून हेच केले. पैसा हातात आला, तो नव्या दुकानांसाठी राहिला नाही. वाढत्या भाड्याचे जोखड मात्र मानेवर कायम राहिले. घर विकून त्याच घरात भाड्याने राहणाऱ्याला शहाणा कोणी म्हणत नाही. पण हेच कंपनीने केले की त्याला कुशल वित्तव्यवस्थापन म्हणतात.

बीएचएस तर २०१५ साली अवघ्या एका पौंडाला विकले गेले. वर्षभरात ते कोसळले, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीत ५७ कोटी १० लाख पौंडांची तूट असल्याचे उघड झाले. संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढल्यानंतर, २०१७ साली, पूर्वीच्या मालकाने त्यात ३६ कोटी ३० लाख पौंड भरले. गल्ल्यावर आयुष्य काढलेल्या विक्रेत्या स्त्रियांना इंटरनेटने नव्हे, तर वरच्या मजल्यावरच्या हिशेबाने दगा दिला.

कराचा काटा

पेठेच्या दुकानदाराला सर्वाधिक जाचणारी गोष्ट म्हणजे 'बिझनेस रेट्स' हा मालमत्ता कर. तो नफ्यावर नसतो, जागेच्या अंदाजित वार्षिक भाड्यावर असतो. इंग्लंडमध्ये त्याचा दर गेली अनेक वर्षे दर पौंडामागे साधारण अर्ध्या पौंडाच्या घरात राहिला. दुकान तोट्यात असले तरी तो चुकत नाही. अगदी लहान दुकानांना यात सूट आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु मध्यम दुकानाची कोंडी होते. पेठेतील जागा मोक्याची म्हणून तिचे मूल्यांकन चढे. महामार्गालगतचे विस्तीर्ण गोदाम आडबाजूचे म्हणून दर फुटामागे त्याचे मूल्यांकन उतरते. पुस्तक एकच, पण ते दुकानातून विकणाऱ्यावर भार अधिक आणि गोदामातून पाठविणाऱ्यावर कमी.

त्यातही दिरंगाईचा कळस झाला. २०१० ते २०१७ या काळात हा कर एप्रिल २००८ च्या, म्हणजे आर्थिक मंदीपूर्वीच्या, भाड्यांवर आकारला जात होता. २०१५ साली होणारे फेरमूल्यांकन सरकारने दोन वर्षे पुढे ढकलले. उत्तरेकडील गावांत दुकानांची भाडी मंदीनंतर गडगडली होती. तरीही तेथील दुकानदार संपून गेलेल्या भरभराटीवर कर भरीत राहिला. किरकोळ दुकानांना कमी दर आणि पाच लाख पौंडांहून अधिक मूल्यांकनाच्या मोठ्या जागांना चढा दर, ही रचना येण्यास एप्रिल २०२६ उजाडावा लागला आणि महामारीपासून चालत आलेली तात्पुरती सवलत नेमकी त्याच वेळी संपविण्यात आली.

संगीताच्या तबकड्या विकणाऱ्या दुकानांची कथा तर याहून उद्वेगजनक आहे. स्वस्त वस्तूंच्या पार्सलांवर विक्रीकर वसूल करणे परवडत नाही, म्हणून १८ पौंडांपर्यंतच्या आयातीला तो माफ होता. मोठ्या विक्रेत्यांनी ही फट हेरली आणि तबकड्या जर्सी, गर्न्सी या चॅनेल बेटांवरून घरोघर पाठविण्यास प्रारंभ केला. गावातला दुकानदार प्रत्येक तबकडीवर कर भरीत होता, बेटावरून येणारी तबकडी करमुक्त होती. ही फट बंद झाली एप्रिल २०१२ मध्ये. तोवर कितीतरी स्वतंत्र दुकानांना टाळे लागले होते. त्याच चुकीची मोठी आवृत्ती पुढे चीनमधून येणाऱ्या स्वस्त पार्सलांच्या रूपाने अवतरली. १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलावर सीमाशुल्क नाही. ही सवलत उशिरात उशिरा मार्च २०२९ पर्यंत काढून घेण्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. रोगाचे निदान झाल्यावरही औषधाला एवढा अवधी लागतो!

कोपऱ्यावरचे भारतीय दुकान

या साऱ्या पडझडीत ब्रिटनच्या पेठेला आणि गल्लीला एका पिढीचे जीवदान कोणी दिले असेल, तर ते भारतीय वंशाच्या कुटुंबांनी. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनमध्ये आली. त्यांत गुजराती हिंदू मोठ्या संख्येने होते. लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्या गावी येऊ नका' असे त्यांना बजावले होते. तरीही ते आले. सूटकेसमध्ये थोडे कपडे आणि मनगटात व्यापाराचे पिढीजात कसब, एवढेच भांडवल होते.

त्याच सुमारास वृद्ध इंग्रज दुकानदार निवृत्त होत होते आणि त्यांच्या मुलांना दुकानात उभे राहणे नको होते. ती दुकाने या कुटुंबांनी घेतली. पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडायचे, रात्री उशिरा दार लावायचे, वर राहायचे, खाली विकायचे; नवरा घाऊक बाजारात, बायको गल्ल्यावर, मुले शाळेतून येऊन फळ्या लावतात, असा दिनक्रम. दुकानात दूध, पाव, काडेपेटी रात्री नऊ वाजता मिळू लागली, ती त्यांच्यामुळे. अपमान झाले, काचा फुटल्या, तरी दुकान उघडे राहिले. ज्या लेस्टरने 'येऊ नका' म्हटले होते, त्याच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर पुढे साड्या, दागिने आणि मिठाई यांची पेठ फुलली आणि तेथील दिवाळी भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळी-उत्सवांत गणली जाऊ लागली.

या दुकानांपैकी अनेकांत टपाल कचेरीही असे. त्या टपाल कचेऱ्यांनी त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले, हा ब्रिटिश न्यायव्यवस्थेवरचा कलंक आहे. 'होरायझन' या सदोष संगणकप्रणालीने हिशेबात नसलेली तूट दाखविली आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांत दोषी ठरविण्यात आले. त्यांत भारतीय वंशाची माणसे बरीच होती. सरे परगण्यातील भारतीय वंशाच्या एका पोस्टमास्तरीणबाईला २०१० साली गर्भवती असताना तुरुंगात जावे लागले. तिची शिक्षा रद्द झाली २०२१ साली. सरसकट निर्दोषत्वासाठी संसदेला २०२४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. यंत्राचा शब्द खरा आणि वीस वर्षे गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द खोटा, ही त्यामागची मनोवृत्ती होती. पेठेकडे पाहण्याची सत्ताधाऱ्यांची दृष्टी त्यातून जशी उघडी पडते, तशी कोणत्याही आकडेवारीतून पडणार नाही.

भारतीय दुकाने कमी होण्याचे आणखी एक कारण मात्र आनंदाचे आहे. आईबापांनी सोळा सोळा तास उभे राहून मुलांना डॉक्टर, वकील, हिशेबतपासनीस केले. मुलांनी दुकानात उभे राहू नये, यासाठीच तर दुकान चालविले होते! तो हेतू सफल झाला आणि दुकानाला वारस उरला नाही. हा पराभव नव्हे, पण त्यामुळे गल्लीतला दिवा विझला, हेही खरेच.

स्वस्ताईची किंमत

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. दिवसभर नोकरी करून थकलेल्या आईने सहा दुकाने हिंडावीत, असा आग्रह कोणी का धरावा? सुपरमार्केटने अन्न स्वस्त केले, गरिबाच्या ताटात फळे आणि मांस आले, निवड वाढली. जुन्या पेठेतही महाग माल, ठरावीक वेळा आणि गिऱ्हाइकाची जात पाहून बोलणारे दुकानदार होतेच. गतकाळाचे गोडवे गाऊन यांतले काही खोडून काढता येणार नाही.

मात्र स्वस्ताईचे बिल कोण भरते, हेही पाहावे लागेल. ज्याच्याकडे मोटार आहे त्याची सोय झाली. ज्याच्याकडे नाही त्या वृद्धाच्या, अपंगाच्या, गरिबाच्या पायाखालचे दुकान गेले. ताजी भाजी चालत जाण्याच्या अंतरावर मिळत नाही, अशा वस्त्यांसाठी ब्रिटनमध्ये 'अन्नाचे वाळवंट' हा शब्दप्रयोग रूढ झाला, तो उगाच नव्हे. दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. आल्फ्रेड रॉबर्ट्ससारखा दुकानदार गावातच राही, गावाच्या शाळेचा आणि दिव्यांचा विचार करी. साखळी दुकानाचा व्यवस्थापक दोन वर्षांनी बदलून जातो आणि नफा त्याच संध्याकाळी मुख्यालयाकडे रवाना होतो. दुकाने गेली, त्यांच्याबरोबर गावाला आपला मानणारा एक वर्गही गेला. गावोगावच्या पेठांत तीच ती साखळी दुकाने दिसू लागली, तेव्हा लंडनच्या 'न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन'ने २००५ साली एकाच साच्यातून काढलेल्या अशा गावांची पाहणी केली. ऐतिहासिक एक्सटर शहर त्यात सर्वांत पुढे होते. आणि पुढे त्या साखळ्याच जेव्हा कोसळल्या, तेव्हा त्यांची जागा घेण्यास स्थानिक कोणी उरले नव्हते.

पेठ उभी राहू शकते

पडझड जर निर्णयांतून झाली असेल, तर उभारणीही निर्णयांतून होऊ शकते. याची उदाहरणे ब्रिटनमध्येच आहेत. रविवारी मोठ्या दुकानांनी सहा तासच उघडे राहावे आणि २८० चौरस मीटरपर्यंतच्या लहान दुकानांवर बंधन नसावे, असा कायदा इंग्लंड आणि वेल्ससाठी १९९४ साली झाला. लहानांना मिळालेली ही छोटीशी मोकळीक मोडण्याचा सरकारचा प्रयत्न मार्च २०१६ मध्ये संसदेनेच ३१७ विरुद्ध २८६ मतांनी हाणून पाडला. वेल्समधील ट्रिऑर्की हे कोळसा खाणी बंद पडलेल्या ऱ्होंडा खोऱ्यातले गाव. श्रीमंत म्हणावे असे तेथे काही नाही. पण बहुसंख्य दुकाने स्थानिकांची, व्यापाऱ्यांची एकजूट भक्कम आणि वर्षभर काही ना काही उत्सव. या बळावर २०१९ साली ब्रिटनमधील सर्वोत्कृष्ट पेठेचा मान त्या गावाने मिळविला. डेव्हन परगण्यातील टॉटनेसच्या नागरिकांनी २०१२ साली एका बलाढ्य कॉफी कंपनीला गावात येण्याचा बेत सोडण्यास भाग पाडले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण पुस्तकांच्या दुकानांचे आहे. ऑनलाइन विक्रीचा पहिला घाव त्यांच्यावर बसला होता. स्वतंत्र पुस्तक दुकानांची संख्या २०१६ साली ८६७ पर्यंत घसरली; २०२२ मध्ये ती पुन्हा १,०७२ झाली. पुस्तक स्वस्त कोठे मिळेल, हे गिऱ्हाइकाला ठाऊक होते. तरीही चार पुस्तके सुचविणारा जाणता माणूस हवा, म्हणून ते दुकानात आले. स्टॉक्टन-ऑन-टीजच्या नगरपालिकेने तर सत्तरच्या दशकातले खरेदी संकुल विकत घेऊन पाडले आणि तेथे नदीपर्यंत उद्यान करण्याचे ठरविले. दुकाने अतिरिक्त झाली असतील तर ती कमी करावीत, पण गावाचे केंद्र ओस पडू देऊ नये, हा त्यामागचा विचार. वर्षभर रिकाम्या राहिलेल्या दुकानाचा भाडेपट्टा लिलावात काढण्याचा अधिकार डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधील नगरपालिकांना मिळाला आहे. जेथे अखेरचे दुकान बंद पडले, तेथे गावकऱ्यांनी भागभांडवल जमवून स्वतःच दुकान चालवायला घेतल्याची शेकडो उदाहरणे आहेत. रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांचा वारसा असा पुन्हा जागा होत आहे.

याचा महाराष्ट्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीस भारत सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये मान्यता दिली आणि २०१४ साली हीच टेस्को मुंबईस्थित ट्रेंट कंपनीची निम्म्याची भागीदार म्हणून येथील किराणा व्यवसायात उतरली. त्या काळी वाण्याच्या भवितव्यावर मोठे वादंग झाले. पुढे काही मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या सेवा शहरोशहरी आल्या आणि त्या वादाचे स्वरूपच पालटले. भारतीय वाण्याची बलस्थाने वेगळी आहेत. तो घरपोच माल देतो, महिनाअखेरीपर्यंत उधारी ठेवतो, चालत जाण्याच्या अंतरावर असतो. त्याला दयेची गरज नाही. पण त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्याला करात, जागेत वा नियमांत छुपी सवलत मिळत नाही ना, तोटा सोसून भाव पाडला जात नाही ना, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. डडलीच्या दुकानदाराने दुसरे काय मागितले असते?

ग्रँथममधील ते किराणा दुकान केव्हाच बंद झाले. त्या इमारतीवर आता एक पाटी आहे. येथे एक पंतप्रधान जन्मली, असे ती सांगते. दुकानांच्या जागी पाट्या लावण्याची वेळ येण्यापूर्वी आपल्या पेठेकडे पाहायला हवे, हे ज्या देशाला उमगेल, त्याच्या गावांत संध्याकाळी दिवे लागलेले राहतील.